अंगणातली मुसळी

(साक्षरता वर्गाच्या मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



वर्गाच्या बाईंनी आम्हाला सांगितले, गुरुजी, चार शब्द बोला. कशावर बोलायचे, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, तुमच्या अंगणात जे आहे त्यावर बोला. म्हणून आज आम्ही मुसळीवर बोलणार आहोत. आम्ही काही शेतीशास्त्राचे पदवीधर नाही. मॅट्रिक झालो आणि प्राथमिक शाळेत मास्तर झालो. पण गेली वीस वर्षे आमच्या अंगणात मुसळीचा वाफा आहे. जे हाताने केले, जे चुकले, जे साधले, तेवढेच सांगणार.

आमचा गाव नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात. भात, नागली, वरई ही आमची पिके. पाऊस दांडगा. मुसळी इथली रानची लेक आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल, पण नाव ठाऊक नसेल.

मुसळी कशी ओळखावी

मुसळी ही लहानशी वनस्पती. उंची वीतभर, फार तर हातभर. पहिला पाऊस पडला की जमिनीतून पाने निघतात. पाने गवतासारखी लांब, पण गवताहून रुंद. ती एकाच जागेतून चहूबाजूंना पसरतात. मधून एक दांडा वर येतो. त्या दांड्यावर पांढरी फुले लागतात. फूल करंगळीच्या नखाहून थोडे मोठे. सहा पाकळ्या, मध्ये पिवळे केसर. चांदणी जमिनीवर उतरली आहे असे वाटते.

फुलानंतर तीन धारांचे बोंड धरते. बोंडात काळे बी असते. ते कांद्याच्या बियासारखे दिसते. पावसाळा सरला की पाने पिवळी पडतात आणि गळून जातात. वर काही उरत नाही. पण खाली जमिनीत मुळ्या जिवंत असतात. त्या पुढच्या मृगापर्यंत झोप घेतात. अशा वनस्पतीला बहुवार्षिक म्हणतात. म्हणजे एकदा लावली की वर्षानुवर्षे तीच पुन्हा फुटते.

मुळ्या कशा असतात? आपल्या हाताचा पंजा पाहा. पंजाला बोटे असतात. तशा मुसळीला जाड, गुबगुबीत मुळ्या असतात. कुणाला पाच, कुणाला दहा, कुणाला वीससुद्धा. सगळी बोटे वर एका चकतीला चिकटलेली असतात. ही चकती म्हणजे पंजाचे मनगट समजा. हे मनगट ध्यानात धरा. पुढे त्याचे काम आहे.

मुसळी दोन प्रकारची, पांढरी आणि काळी. काळी मुसळी निराळी वनस्पती. तिचे फूल पिवळे आणि जमिनीला टेकलेले असते. तिचे मूळ एकच, सरळ आणि वरून काळपट. आम्ही बोलतो ती पांढरी मुसळी. शहरात तिला सफेद मुसळी म्हणतात.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. रानात कळलावीसुद्धा पावसाळ्यातच उगवते. तिचे फूल लाल-पिवळे, आगीच्या ज्वाळेसारखे. तिच्या पानांची टोके वेलाच्या ताण्यासारखी वळलेली असतात. तिचा कंद जहरी असतो. माणूस दगावतो. म्हणून ओळख पटल्याशिवाय रानातला कोणताही कंद तोंडात घालू नका. मुलांनाही हे सांगून ठेवा.

नावाची गोष्ट

मुंबईजवळ बोरिवली आहे. तिथे डोंगर आहेत, जंगल आहे. आज त्याला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात फादर सांतापाऊ नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. जन्म स्पेन देशातला, पण त्यांनी आपले आयुष्य इथल्या झाडापाल्याचा अभ्यास करण्यात घालवले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५५ साली या मुसळीचे वर्णन शास्त्रीय रीतीने छापले. बोरिवलीच्या नावावरून तिला नाव दिले, क्लोरोफायटम बोरिविलियानम.

नाव मोठे आहे. पाठ करू नका. पण एवढे लक्षात घ्या, की जगातल्या कोणत्याही देशात या वनस्पतीचे शास्त्रीय नाव घेतले, तर त्यात आपल्या बोरिवलीचे नाव येते. आपल्या आज्या जिची भाजी करत, ती ही वनस्पती.

होय, भाजी. मृगाच्या पावसानंतर बाया रानातून कोवळी पाने आणतात. कुणी तिला फोडशी म्हणते, कुणी कुलू म्हणते. मुसळीच्या जातकुळीतल्या तीन-चार वनस्पतींची पाने अशी खाल्ली जातात. पानांच्या बुडाशी पांढरा, निबर भाग असतो, तो काढून टाकायचा. पानांत माती अडकलेली असते, म्हणून दोन-तीन पाण्यांनी धुवायचे. बारीक चिरून कांदा, मिरची आणि भिजवलेली डाळ घालून परतायची. नागलीच्या भाकरीबरोबर फार गोड लागते.

डोंगर कसा ओसाड झाला

आम्ही लहान होतो, तेव्हा शाळेमागच्या टेकडीवर श्रावणात पांढरी चादर घातल्यासारखी मुसळी फुले. आम्ही पोरे तिच्यातून गुरे हाकत जात असू. आज त्या टेकडीवर दिवसभर हिंडलात, तर पाच-दहा झाडे दिसली तर दिसली.

असे का झाले? मुसळीच्या वाळलेल्या मुळ्या औषधात चालतात. वैद्यलोक त्या शक्तीसाठी देतात. बाळंतिणीलाही देण्याची चाल आहे. व्यापारी गावोगाव येऊ लागले. पैसे रोख देऊ लागले. लोक कुदळी घेऊन टेकडीवर गेले.

आता इथे एक गोम आहे. मुळी पक्व होते मार्गशीर्षात. पण तोवर पाने गळून गेलेली असतात. मग रानात मुसळी कुठे आहे, हे कळणार कसे? म्हणून लोक भाद्रपदातच खणत. पाने हिरवी आहेत तोवर दिसते ना! मुळी कच्ची, वजनाला हलकी, भाव कमी. बोंडातले बी अजून जमिनीवर पडलेले नाही. आणि मनगटासकट सगळा पंजा उपटलेला. म्हणजे आईही गेली आणि लेकरेही गेली. दुसऱ्या वर्षी उगवणार काय?

यात कुणा एकाला दोष देऊन चालणार नाही. पोटासाठी माणूस खणतो. पण आपल्याच पायाखालची पायरी आपण काढून घेतली, हे खरे. म्हणूनच आमचे म्हणणे असे, की रानातली मुसळी रानात राहू द्या. विकायची असेल, घरी लागत असेल, तर अंगणात लावा. अंगणात जागा ठाऊक असते. पाने गळाली तरी खूण ठेवता येते. मुळी पूर्ण पिकू देता येते.

आमची चूक

आता आमच्या अंगणात ती कशी आली, ते सांगतो. सांगायला लाज वाटते. पण या वर्गात नाही सांगायचे, तर कुठे सांगायचे?

२००३ सालची गोष्ट. गावात एक मोटार आली. दोन माणसे उतरली. अंगात इस्त्रीचे कपडे, हातात रंगीत चित्रांचे कागद. ते म्हणाले, भाताच्या मागे काय लागता? मुसळी लावा. बियाणे आम्ही देतो, किलोला तीनशे रुपये. पिकलेली मुसळी वाळवून ठेवा. आमची कंपनी ती हजार रुपये किलोने विकत घेईल. तसा कागद करून देतो.

लोकांनी आमच्याकडे पाहिले. गावात शिकलेले आम्हीच. तो कागद आमच्या हातात दिला. अक्षर फार बारीक होते. चष्मा घरी राहिला होता. पोराला पाठवून चष्मा आणवला असता, तर पाच मिनिटे लागली असती. पण चारचौघांत वाटले, मास्तराला वाचता येत नाही, असे हे पाहुणे म्हणतील. आम्ही कागद डोळ्यांसमोर धरला. वरून खाली नजर फिरवली. वाचल्यासारखे केले.

आमच्या शेजारी एक मावशी राहतात. विधवा बाई, तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हते. त्यांनी विचारले, "गुर्जी, कागदात काय लिवलंय?"

आम्ही म्हणालो, "मावशी, चांगलंच लिहिलंय."

आम्ही सही केली. आमची सही पाहून पाच घरांनी सह्या केल्या, अंगठे दिले. आम्ही पाच गुंठ्यांसाठी पन्नास किलो बियाणे घेतले. पंधरा हजार रुपये मोजले. मावशींनी दोन शेळ्या विकल्या आणि एका गुंठ्यासाठी दहा किलो घेतले. तीन हजार रुपये दिले.

पीक वाईट आले नाही. माघात मुळ्या खणल्या, सोलल्या, वाळवल्या. पोत्यात भरून वाट पाहिली. मोटार आली नाही. आम्ही पत्र टाकले. ते परत आले. वर पोस्टमनने लिहिले होते, या नावाचे कोणी इथे राहत नाही.

तेव्हा आम्ही चष्मा लावला आणि तो कागद पहिल्यांदा वाचला. त्यात लिहिले होते, माल कंपनीच्या पसंतीस उतरल्यास घेण्यात येईल. पसंतीस न उतरल्यास कंपनी बांधील नाही. माल गोदामापर्यंत आणण्याचा खर्च शेतकऱ्याने करावयाचा. आणि गोदामाचा पत्ता? तो पुढे कळवण्यात येईल, असे लिहिले होते. म्हणजे कागदाने आमच्याकडून सगळे बांधून घेतले होते, आणि कंपनीला मोकळे सोडले होते. फसवणूक त्यांनी केली, हे खरे. पण ती कागदावर लिहून केली होती. वाचणारा पाहिजे होता.

मावशींची पाच किलो वाळलेली मुसळी तालुक्याच्या काष्ठौषधीच्या दुकानात अडीचशे रुपये भावाने गेली. साडेबाराशे रुपये आले. शेळ्या गेल्या त्या गेल्याच.

आम्ही तीन हजार रुपये घेऊन त्यांच्या दारात गेलो. मावशी उंबऱ्यावर नागली पाखडत होत्या. म्हणाल्या, "गुर्जी, अर्धे द्या."

आम्ही विचारले, "अर्धे का?"

म्हणाल्या, "अर्धी चूक तुमची. अर्धी माझी. न वाचता अंगठा मी दिला."

"पण मावशी, तुम्हाला वाचता कुठे येत होतं?"

"तीच तर माझी चूक."

मंडळी, चाळीस वर्षे आम्ही मुलांना धडे दिले. पण त्या दिवशी आम्हाला धडा मिळाला. ज्याला अक्षर येत नाही तो फसला, तर त्याचा दोष थोडा. ज्याला येते आणि तो वाचत नाही, त्याचा दोष मोठा. अक्षर ओळखणे म्हणजे साक्षर होणे नव्हे. कागद समोर आला की थांबून वाचणे, न कळले तर विचारणे, आणि विचारायला न लाजणे, हे खरे साक्षर होणे.

त्या वर्षी आम्ही बियाण्याची टोपली फेकून देणार होतो. मावशी म्हणाल्या, "मुसळीनं काय पाप केलंय? लावा अंगणात." म्हणून ती अंगणात आली.

वाफा कसा करावा

आता कामाचे बोलू. आम्ही एकरावर लावा, असे सांगणार नाही. अंगणात एक वाफा करा. लांबी दहा फूट, रुंदी तीन फूट. एवढ्यात साठ झाडे बसतात.

जागा निवडताना दोन गोष्टी पाहा. ऊन आले पाहिजे आणि पाणी साचता कामा नये. पागोळ्यांच्या खाली वाफा करू नका. मुसळीला पाऊस आवडतो, पण पाय पाण्यात आवडत नाहीत. पाणी तुंबले की बोटे कुजतात. आमच्या पहिल्या वर्षीच्या वाफ्यात एका कोपऱ्याला पाणी तुंबले आणि त्या कोपऱ्यातली सगळी झाडे गेली. म्हणून वाफा वीतभर उंच करा. याला गादीवाफा म्हणतात. आमच्यासारखा दांडगा पाऊस असेल, तर आणखी चार बोटे उंच करा. चहूबाजूंना चर काढा.

माती सैल पाहिजे. चिकण मातीत बोटे वाढत नाहीत, आणि खणताना तुटतात. माती चिकण असेल तर तिच्यात नदीची वाळू आणि भरपूर शेणखत मिसळा. खत पूर्ण कुजलेले घ्या. ओल्या शेणाबरोबर हुमणी येते. हुमणी म्हणजे ती पांढरी, जाड, वाकडी अळी. ती बोटे कुरतडते. खत घालताना हाताने चाळा. अळी दिसली की कोंबडीपुढे टाका. वाफ्यात दोन ओंजळी निंबोळी पेंड मिसळली, तर हुमणीला आळा बसतो.

लावणी

बियाणे म्हणजे काय? मुसळीचे बी फार कमी उगवते. म्हणून मुळ्याच लावतात. इथे त्या मनगटाची आठवण करा. पंजा घेऊन धारदार, स्वच्छ चाकूने बोटे वेगळी करायची. पण प्रत्येक बोटाबरोबर मनगटाचा म्हणजे चकतीचा थोडा तुकडा आलाच पाहिजे. कोंब त्या तुकड्यातून फुटतो. नुसते बोट लावले तर ते मातीत कुजते. उगवत नाही.

हे न कळल्याने पुष्कळ लोक फसले आहेत. काही विकणारे तुटकी बोटे बियाणे म्हणून देतात. बियाणे विकत घेताना प्रत्येक बोटाचे टोक पाहा. चकतीचा तुकडा नसेल, तर घेऊ नका.

लावणी पहिल्या चांगल्या पावसाबरोबर करा. जूनचा पहिला किंवा दुसरा पंधरवडा. वाफ्यात लांबीच्या तीन ओळी आखा. दोन ओळींत एक फूट अंतर. ओळीत दोन झाडांमध्ये अर्धा फूट. काडीने भोक पाडा. बोट उभे सोडा, चकती वर. चकतीवर एक पेरभर माती ओढा. जास्त खोल पुरू नका.

आठ-पंधरा दिवसांत हिरवे कोंब दिसतील. मग तण काढत राहा. तण हातानेच उपटा. खुरपे चालवाल, तर बोटांना जखम होईल. पावसाने उघडीप दिली आणि माती सुकली, तर झारीने पाणी द्या. कोंबड्यांपासून वाफा सांभाळा. चारी बाजूंना काटे लावा. आमच्या कोंबडीने एका सकाळी अकरा झाडे उकरली होती.

आषाढ-श्रावणात फुले येतील. ती पाहा. त्याला पैसे पडत नाहीत. पाच-सहा झाडांचे बी पिकू द्या. ते बी गोळा करून आम्ही दर वर्षी शाळेमागच्या टेकडीवर टाकतो. शंभरात थोडेच उगवते. पण काही उगवते.

झोप आणि खणणी

अश्विन-कार्तिकात पाने पिवळी होतील आणि गळून जातील. घाबरू नका. पहिल्या वर्षी आमच्या घरच्या मंडळींना वाटले, मुसळी मेली. त्यांनी तिथे मेथी टाकायची तयारी केली होती. मुसळी मेलेली नसते. निजलेली असते. वाफ्याला खूण ठेवा. ऊन फार असेल तर वर पेंढा पसरा. मधून मधून थोडे पाणी शिंपडा, म्हणजे माती गार राहील.

या वेळी बोटांची साल पांढरी असते. ती हळूहळू तपकिरी होते. साल तपकिरी झाली म्हणजे मुळी पिकली. मार्गशीर्ष-पौषात एक झाड खणून पाहा. पिकली असेल, तर बाकीची काढा. बाजूने कुदळ घालून माती सैल करा आणि पंजा हाताने उचला. ओढू नका. ओढले की बोटे तुटतात.

आता वाटणी करा. निम्मे पंजे बियाण्याला ठेवा. तेही चांगले, भरदार. नापीक ठेवून सुपीक विकणारा शेतकरी दुसऱ्या वर्षी रडतो. बियाण्याचे पंजे वाफ्यातच राहू दिले, तरी चालतात. नाहीतर मडक्यात कोरडी वाळू घालून त्यात ठेवा. मडके सावलीत, गार जागी असावे.

उरलेल्या मुळ्या धुवा. ओल्या असतानाच साल खरवडून काढा. पूर्वी लोक दगडाने खरवडत. आम्ही चाकूने खरवडतो. सोललेली मुळी स्वच्छ फडक्यावर उन्हात वाळवा. पाच-सात दिवसांत वाळते. मोडली तर कट्कन आवाज झाला पाहिजे. न सोलता वाळवली तर ती पांढरी राहत नाही आणि दुकानदार भाव पाडतो. पाच किलो ओल्या मुळ्यांची वाळून साधारण एक किलो होते. हा हिशेब पाठ करा. कुणी तुम्हाला ओल्याचा आकडा सांगून वाळलेल्याचा भाव दाखवील, तर फसू नका.

आमच्या घरी थंडीत डिंकाच्या लाडवांत थोडी मुसळीची पूड घालतात. औषध म्हणून घ्यायची असेल, तर वैद्याला किंवा डॉक्टरला विचारून घ्या. दुखणे अंगावर काढून मुसळीवर भरवसा ठेवू नका. मुसळीने म्हातारा तरुण होतो, अशा जाहिराती येतात. आम्ही वीस वर्षे खातो. आमच्याकडे पाहा आणि काय ते ठरवा.

दोन नियम आणि चार प्रश्न

रानासाठी दोन नियम ध्यानात ठेवा. पहिला, भाजीसाठी पाने घेताना विळ्याने वरून कापा. झाड उपटू नका. पाचातली दोन झाडे तशीच सोडा. दुसरा, रानातून मुळी खणू नका. जैविक विविधतेचा कायदा २००२ साली झाला. त्यात प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असावी आणि तिने आपल्या हद्दीतल्या वनस्पती-प्राण्यांची नोंदवही ठेवावी, असे सांगितले आहे. ग्रामसभेत विचारा, आपली नोंदवही कुठे आहे? तिच्यात मुसळी लिहिली आहे का? आता तुम्हाला वाचता येते. ती उघडून पाहा.

आणि कागदासाठी चार प्रश्न. कोणताही कागद सहीला आला, तर आधी हे चार विचारा.

१. समोरच्याचे पूर्ण नाव आणि पत्ता लिहिला आहे का?

२. मी काय देणार आणि तो काय देणार, हे आकड्यांत लिहिले आहे का?

३. माल नापसंत झाला किंवा त्याने शब्द मोडला, तर काय होणार?

४. या कागदाची एक प्रत मला मिळणार का?

एकाही प्रश्नाचे उत्तर कागदात नसेल, तर सही करू नका. तो म्हणेल, आजच करा, उद्या संधी नाही. त्याला म्हणा, उद्या संधी नसेल, तर आम्हाला ती नको.

मावशींनी पुढे आमच्याच ओसरीवर अक्षरे गिरवली. वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. एका संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "गुर्जी, तो कागद काढा." आम्ही काढला. त्यांनी तो कंदिलाजवळ धरला आणि एक-एक शब्द जोडत वाचला. पसंतीस उतरल्यास. बांधील नाही. पुढे कळवण्यात येईल. सगळा वाचायला अर्धा तास लागला. मग कागद घडी करून परत दिला आणि म्हणाल्या, "आता लागला."

काय लागला, ते आम्ही विचारले नाही.

आज त्या समोरच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या टोपलीत मुसळीचे साठ पंजे आहेत. सगळे मनगटासकट. आम्ही दोघांनी मिळून ते आणले आहेत. मेळावा संपला की प्रत्येक घराने एक पंजा न्यावा. पैसे पडणार नाहीत. पण टोपलीजवळ एक वही ठेवली आहे. तिच्यात आपले नाव आणि तारीख स्वतःच्या हाताने लिहा. अंगठा चालणार नाही.

आणि वहीच्या पहिल्या पानावर काय लिहिले आहे, ते आधी वाचा. मग लिहा.